सोंडकिडे आणि मोतिया कोट

१

सोमवारी सकाळी सूनबाईच्या रोपवाटिकेच्या फाटकावर लाल नोटीस लागली. मी चहाची किटली घेऊन तिकडेच निघाले होते. नोटीस वाचली आणि किटली हातातून पडता पडता राहिली. राहिली, कारण तीस वर्षं मी टपाल कचेरीच्या पार्सल खिडकीवर काढली आहेत. हातातली वस्तू सोडायची सवय नाही मला.

नोटिशीत लिहिलं होतं की डोंगरावर या वसंतात लावलेल्या पाइनच्या रोपांपैकी तीनशे चाळीस रोपं सोंडकिड्यांनी साल कुरतडल्यामुळे मेली आहेत. ती रोपं इथून गेलेली. इथेही दोन जिवंत सोंडकिडे सापडले आहेत. सबब इथली सगळी, म्हणजे साठ हजार रोपं शुक्रवारी सकाळी दहा वाजता जाळण्यात येतील. उलट पुरावा असल्यास त्याआधी दाखवावा.

आत वनमंडळाचे तपासनीस उभे होते. हे गृहस्थ घरात शिरले तरी डोक्यावरची टोपी काढत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना टोपीवालेच म्हणतो. माणूस वाईट नाही, पण एकदा शिक्का मारला की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत.

"बाई, माझाही नाइलाज आहे," ते म्हणाले.

"नाइलाज म्हणे! साठ हजार लेकरं जाळायची आणि वर नाइलाज!"

माझा लेक बोटीवर नोकरीला, वर्षातले नऊ महिने समुद्रात. सूनबाईने दोन वर्षांपूर्वी एकटीने बी पेरलं. गेल्या हिवाळ्यात तर पानसुद्धा हललं नाही, नुसती कडाक्याची थंडी. रोज पहाटे उठून ही रोपांवरची गोणपाटं सारखी करायची. आणि आता दोन वाफ्यांच्या मध्ये बादली पालथी घालून बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बघू ती बाटली," माझ्या मागून आवाज आला.

या आमच्या वन्सं, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आठ दिवस म्हणून आल्या, त्याला तिसरा आठवडा लागला होता. संग्रहालयाच्या कीटक विभागात चाळीस वर्षं नोकरी केल्यामुळे माणसांशी कसं वागायचं हे त्या विसरून गेल्यात. परवाच माझ्या बटणांच्या डब्यात मला तीन मेलेले भुंगे मिळाले.

टोपीवाल्यांनी काचेची बाटली पुढे केली. आत घेवड्याच्या दाण्याएवढे दोन किडे, काळपट तपकिरी, अंगावर पिवळट ठिपके, तोंडाला लांब सोंड. वन्संनी बाटली उजेडात धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि हसल्या. अशा प्रसंगी हसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

"साहेब, हे पाहुणे आहेत," त्या म्हणाल्या. "यांचं घर इथलं नाही."

२

"हे सापडले कुठे?" वन्संनी विचारलं.

"पहिल्या वाफ्यात. फाटकाजवळ," टोपीवाले म्हणाले.

तिथे रिकाम्या लाकडी पेट्यांची चळत होती. सूनबाई उठून आली. "याच पेट्यांतून रोपं डोंगरावर गेली, आत्याबाई. लावून झाल्यावर डोंगरावरच्या लागवडीच्या मुकादमांनी गेल्या आठवड्यात परत पाठवल्या. पेट्या वाळून तडकू नयेत म्हणून ते आत ओलं शेवाळ भरतात."

मी एका पेटीचं झाकण उघडायला गेले. हिरव्या सुतळीने बांधलेलं, आणि गाठ सुटेल तर शपथ! फास उजवीकडून यायचा तो डावीकडून आलेला. अशी गाठ माझ्या खिडकीवर आली असती तर मी पार्सल परत पाठवलं असतं. शेवटी सुरीने कापली.

वन्संनी आतलं शेवाळ उचललं. टप्कन एक किडा खाली पडला, पाय वर करून.

"मेला," मी म्हटलं.

"सोंग करतोय. धक्का लागला की हे मेल्याचं नाटक करतात. तुमच्या भावासारखं, वहिनी, कामाची वेळ आली की."

माझा भाऊ मध्ये आणायची काही गरज नव्हती. पण सूनबाई हसली, म्हणून मी गप्प बसले.

"म्हणजे किडे डोंगरावरून इकडे आले, इकडून तिकडे नाही," वन्सं म्हणाल्या.

टोपीवाल्यांनी मान हलवली. "हे परत आले असतील पेटीतून. पण मुळात डोंगरावर पोचले कसे? रोपांबरोबरच ना?"

माणूस टोपी काढत नसला तरी खाली डोकं होतं, हे कबूल करायला हवं.

"यांच्या बाईची एक खोड आहे, साहेब," वन्सं वाफ्याच्या काठावर बैठक मारून बसल्या. "ती अंडी घालते फक्त नुकत्याच कापलेल्या पाइनच्या खुंटात. जुना, वाळका खुंट चालत नाही. ताज्या राळेचा वास आला की वसंतात हे लांबलांबून उडत येतात. पिल्लं, म्हणजे अळ्या, खुंटाच्या सालीखाली वाढतात. आणि आईबाप आसपासच्या कोवळ्या रोपांची बुडाजवळची साल खातात. आज इथे एक घास, उद्या तिथे. सगळीकडून साल गेली की मुळांना वरून अन्न मिळत नाही, रोप मरतं. आता सांगा, या रोपवाटिकेत एक तरी खुंट आहे?"

"नाही," टोपीवाले म्हणाले.

"मग जिथे पाळणाच नाही तिथे बाळंतीण कशाला येईल? शिवाय इथे साठ हजार रोपांचं ताट वाढलेलं आहे. एकाला तरी दात लागलेत का?"

टोपीवाल्यांनी खिशातून एक कागद काढला. "बाई, डोंगरावरची झाडं तोडून पाच वर्षं झाली. तोडल्यावर तीन वर्षं रोपं लावायची नाहीत, एवढाच नियम. आणि रोपं लावण्याआधी मुकादमाने सही करून दिलंय की आसपास एकही ताजा खुंट नाही. हा घ्या कागद." त्यांनी टोपी सारखी केली. "मला ताजा खुंट दाखवा. नोटीस मी माझ्या हाताने फाडतो."

ते गेल्यावर सूनबाईने वन्संचा हात धरला. "आत्याबाई, डोंगरावर ताजा खुंट नाहीये. मी स्वतः हिंडून आलेय. एकही नाही."

"असणारच," वन्सं म्हणाल्या. "किडा खोटं बोलत नाही."

३

मंगळवारी आम्ही तिघी डोंगरावर गेलो. मुकादम वाटेतच भेटले. एरवी हा माणूस इतकं बोलतो की समोरच्याला जांभई द्यायलाही जागा ठेवत नाही. त्या दिवशी मात्र तोंडात मिठाची गुळणी. आमच्याबरोबर चालले, पण चार पावलं मागून.

रोपं ओळीने लावलेली, गुडघ्यालाही पोचत नव्हती. वन्सं खालच्या रस्त्यापासून सुरू झाल्या. त्या मेलेली मोजायच्या आणि मी वहीत मांडायची. रस्त्यालगत शंभरात दोन मेलेली. मधल्या पट्ट्यात शंभरात दहा-बारा. आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे रात्री तारे बघत बसणाऱ्या आमच्या दुर्बीण मास्तरांच्या बागेचं उंच फळ्यांचं कुंपण लागतं, तिथे जवळजवळ सगळीच तांबूस पडलेली. मी एक उपटून पाहिलं. बुडाजवळ सालीला वेडेवाकडे खड्डे, आणि त्यात राळेचे थेंब वाळून पांढरे झालेले.

"रोपांबरोबर किडे आले असते तर सगळ्या डोंगरावर सारखे पसरले असते," वन्सं म्हणाल्या. "पेट्या काय, कुठेही रिकाम्या झाल्या असतील. पण हे एका जागेवरून निघालेत. एकदा उडत आले की नंतर हे बहुतेक चालतातच. म्हणून घराजवळ जास्त खाल्लं, लांब कमी."

"मग घर कुठेय?" मी विचारलं.

आम्ही तो कोपरा वीतवीत पाहिला. खुंट होते, पण पाच वर्षांपूर्वीचे, राखाडी, पोकळ. वन्संनी एकाला लाथ मारली तर त्याचा भुगा झाला.

"बघा," मुकादम म्हणाले. "आहे का एक तरी ताजा?" हे बोलताना त्यांचं सगळं लक्ष स्वतःच्या बुटांकडे होतं. मग डाव्या हाताने कपाळ पुसून ते खाली निघून गेले.

उतरताना रस्त्यावरची आरागिरणी लागते. तिच्या अंगणात पाइनच्या ओंडक्यांचा हा ढीग! मला वाटलं, सापडला चोर. मी तरातरा आत गेले आणि गिरणीवाल्यांना फैलावर घेतलं. त्यांच्या भुवयांतसुद्धा लाकडाचा भुसा होता.

"आई, अहो हात लावून बघा," ते म्हणाले. "सोललेले आहेत. सालीसकट लाकूड मी दारात उभं करत नाही. आणि सगळं लांबून येतं. इथलं म्हणाल तर हिवाळ्यात मुकादमाने वादळात पडलेली थोडी झाडं आणली होती, तीही सोलून. फळ्या पाडून घेऊन गेला."

वन्संनी ओंडक्यावरून हात फिरवला आणि मान डोलावली. शिवाय गिरणी रस्त्यालगत, जिथे सगळ्यात कमी रोपं मेलेली. माझा चोर सुटला.

घरी येताना फाटकाशी थांबून सूनबाईने नोटिशीवरची तारीख वाचली, जणू ती बदलली असेल.

४

बुधवारी दुपारी वन्संनी दुर्बीण मास्तरांकडे जायचं ठरवलं. कुंपणाच्या आतून त्यांना काही दिसलं असलं तर विचारू, म्हणाल्या. मी माझा मोतिया रंगाचा कोट घातला. तो मी निवृत्त झाले तेव्हा स्वतःला घेतलेला, आणि वर्षातून दोनदाच बाहेर निघतो. डोंगरावर ऊन कडक होतं पण वाराही बोचरा होता, आणि मास्तरांकडे जायचं म्हणजे जरा नीटनेटकं नको का?

मास्तर एक्याऐंशी वर्षांचे. अर्ध्या गावाला त्यांनी गणित शिकवलं. आता आकाश बघतात. आम्हाला पाहून इतके खूश झाले की बागेतच चहा मांडला. कुंपणालगत गोल बैठका एका रांगेत मांडलेल्या होत्या, प्रत्येकीवर जमिनीपर्यंत चौकड्यांचं कापड, वर गोल उशी, आणि कापड घसरू नये म्हणून भोवती सुतळी आवळलेली. बैठका सात आणि उशा सहा. टेबलाजवळची नेमकी बिनउशीची, तीच माझ्या वाट्याला आली. असंच होतं माझं.

"पाव तेवढा तुम्ही कापा," मास्तर म्हणाले. "माझ्या हाताला कंप सुटलाय. सुरी धरली की पावाऐवजी टेबल कापलं जातं."

मी पाव कापला, जॅम लावला. बागेत मधोमध नवा कोरा लाकडी चौथरा होता आणि त्यावर दुर्बीण, टोपडं घातलेली.

"कसा आहे चौथरा?" मास्तरांनी विचारलं. "माझ्या एका विद्यार्थ्याने करून दिला. अकरा वर्षं मी अर्धंच आकाश बघत होतो हो. दक्षिणेकडचं काही दिसायचंच नाही. आता या म्हातारपणी सगळं दिसायला लागलं! परवा तर मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. एकटाच."

चौथऱ्यावर चढलं की उंच होत असेल माणूस, असं मी मनात म्हटलं. वन्सं किड्यांबद्दल विचारत होत्या. मास्तरांनी किडे पाहिले नव्हते. खाली ते बघतच नाहीत. सारी नजर वर.

"पण रोपं मेली म्हणता? आणि त्या मुलीची सगळी रोपं जाळणार?" त्यांचा चेहरा उतरला. "अरेरे. ती मुलगी पहाटे कामाला जाताना मला हात करते. तेव्हा मी दुर्बीण आवरत असतो."

निघताना मी उठले तर कोट बैठकीला चिकटलेला! टर्रकन आवाज आला. पाठीमागे हातभर चिकट डाग.

"तुमच्या त्या जॅमने माझा कोट गेला," मी वाटेत वन्संवर ओरडले, जणू जॅम त्यांनीच केला होता.

वन्सं हातातल्या वहीत बघत म्हणाल्या, "वहिनी, उद्या गुरुवार. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य मी प्रथमच ऐकलं. मला कोटाची लाज वाटली.

५

गुरुवारी सकाळी मी कोट धुवायला काढला. जॅम म्हणजे काय, साखर. कोमट पाण्यात विरघळायला हवा. नाही गेला. साबण लावला. नाही गेला. गरम पाणी ओतलं तर डाग जास्तच पसरला. वैतागून कोट मागच्या दोरीवर टाकला आणि सूनबाईजवळ जाऊन बसले. ती रोपांना पाणी घालत होती. उद्या जाळायच्या रोपांना.

"कशाला घालतेस गं?" मी म्हटलं.

"तहान तर आज लागलीय ना त्यांना," ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून परत मागे गेले, कोटाशी भांडायला. दोरीवरून मुंग्यांची रांग चालली होती. आमच्या मागच्या अंगणातल्या मुंग्या म्हणजे महाहावरट, साखरेचा एक कण सोडायच्या नाहीत. त्या कोटाच्या डागापर्यंत आल्या आणि वळसा घालून पुढे गेल्या.

मी बघतच राहिले. मग स्वयंपाकघरातून तेलाची बाटली आणली, दोन थेंब डागावर चोळले. डाग सुटायला लागला. बोट नाकाशी नेलं.

"वन्सं!" मी अशी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "वन्सं, हा जॅम नाही! मुंग्या शिवत नाहीत, पाण्याने जात नाही, तेलाने जातो. आणि वास घ्या!"

वन्संनी कोटात नाक खुपसलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. काढलं तेव्हा त्यांचे डोळे लकाकत होते.

"राळ," त्या म्हणाल्या. "ताजी राळ, उन्हाने पातळ झालेली. कापडातून वर आली. वहिनी, काल तुम्ही कशावर बसला होतात?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन दिवस आम्ही ताजा खुंट शोधत होतो, आणि चहा पीत बसले होते मी पुराव्यावरच.

"सात बैठका म्हणजे सात खुंट," वन्सं म्हणाल्या. "कुंपणाच्या आत, म्हणून डोंगरावरून दिसत नाहीत. मास्तरांचं दक्षिणेचं आकाश चौथऱ्यामुळे नाही मोकळं झालं. सात झाडं गेली म्हणून झालं. पण ज्या माणसाला पाव कापता येत नाही, त्याने सात पाइन कापले कसे? तो विद्यार्थी कोण? मास्तरांनी अर्धं गाव शिकवलंय."

आता माझी पाळी होती. वन्संना किडे कळतात, पण मला गाठी कळतात.

"त्या बैठकांची सुतळी," मी म्हटलं. "हिरवी होती. आणि गाठ डावीकडून आलेली. वन्सं, तीच गाठ मी सोमवारी सुरीने कापली."

६

दुपारी चार वाजता मास्तरांच्या बागेत आम्ही सगळे जमलो. टोपीवाले, मुकादम, गिरणीवाले, सूनबाई आणि आम्ही दोघी. मास्तरांना वाटलं, काय हे भाग्य, एवढी माणसं! त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. मुकादम उभेच राहिले.

"साहेब, जरा उठता का?" वन्सं टोपीवाल्यांना म्हणाल्या. "तुम्ही ताजा खुंट मागितला होतात."

मी सुतळी कापली. कापड बाजूला झालं. खाली पिवळाजर्द खुंट, कडेने राळ ओघळलेली. वन्संनी सुरीने बुडाची साल उचकटली. आत पांढऱ्या, वाकड्या अळ्या वळवळत होत्या, आणि मुळाशी शेवाळात तीन सोंडकिडे. तिघेही लगेच पाय वर करून मेले.

"सोंग करतायत," मी टोपीवाल्यांना समजावलं.

टोपीवाले गुडघ्यावर बसले. एक अळी बोटावर घेतली, मग कुंपणाकडे पाहिलं. फळ्यांच्या खाली चार बोटं फट होती. तिच्यापलीकडे पहिल्या ओळीतली तांबूस रोपं दिसत होती.

"कोणी कापली ही झाडं?" त्यांनी विचारलं.

"माझी झाडं आहेत हो," मास्तर गोंधळून म्हणाले. "माझ्याच बागेतली. परवानगीचं वगैरे सगळं त्यानेच बघितलं..." आणि ते थांबले. विद्यार्थ्याला पाठीशी घालायची सवय जुनी असणार.

"गेल्या हिवाळ्यात वादळ कधी झालं होतं, मुकादम?" मी विचारलं. "पान हलत नव्हतं तेव्हा. मग गिरणीवाल्यांकडे वादळात पडलेली झाडं कुठली नेलीत?"

गिरणीवाले चौथऱ्याच्या फळ्यांकडे बघायला लागले. स्वतःच्या करवतीचं काम माणूस ओळखतो.

"आणि ही गाठ," मी सुतळी पुढे केली. "डाव्या हाताची. पेट्यांवरही हीच."

मुकादमांनी डावा हात खिशात घातला. मग काढला, आणि मटकन खाली, गवतातच बसले.

"मीच कापली," ते म्हणाले. "पाढे यायचे नाहीत म्हणून मला सगळ्या शाळांनी हाकललं होतं. मास्तरांनी दोन वर्षं घरी बसवून शिकवलं. त्यांना दक्षिणेचे तारे बघायचे होते, एवढंच. लाकडाचा चौथरा करून दिला, खुंट उघडे बरे दिसेनात म्हणून वर कापड बांधलं. मग वसंतात रोपं लावायची वेळ आली, तो कागद समोर आला. मला वाटलं, नियम डोंगराला आहे, हे तर कुंपणाच्या आत. केली सही."

"किड्याला कुंपण कळत नाही, बाळा," वन्सं म्हणाल्या. रागावून नाही.

"कळलं मला. रोपं मरायला लागली तेव्हाच कळलं. आणि साहेबांनी नोटीस हिच्या फाटकावर लावली. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज पाचावर धारण बसायची. मुकादमी गेली असती."

सूनबाई उठली. मला वाटलं, आता हिने याला उभा चिरावा, मी हात धरणार नाही. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझी साठ हजार रोपं जळली असती उद्या," ती म्हणाली. आणि मग ती रडली. चार दिवसांचं सगळं रडली, हमसून हमसून. मी तिला जवळ घेतलं. मास्तरही रडायला लागले, मुकादम तर आधीच रडत होते. गिरणीवाल्यांनी भुवया पुसल्या.

टोपीवाल्यांनी घसा खाकरला. खिशातून नोटिशीची प्रत काढली, चार तुकडे केले आणि परत खिशात ठेवले, कारण मास्तरांच्या बागेत कचरा कसा टाकायचा? "फाटकावरची जाताना फाडतो," ते म्हणाले. मग सूनबाईसमोर उभे राहून त्यांनी टोपी काढली. खाली चांगले दाट केस होते. इतकी वर्षं आमची समजूत वेगळीच होती.

मुकादमांचं काय करायचं, हे ठरवताना टोपीवाल्यांनी सूनबाईला विचारलं. ती नाक पुसत म्हणाली, "मेलेल्या तीनशे चाळीस रोपांच्या जागा याने स्वतःच्या हाताने भरायच्या. आणि त्याआधी रोज सकाळी इथे यायचं." पुढचं वन्संनी सांगितलं. खुंट मुळापासून उपटून काढायचे. ताज्या पाइनच्या सालीचे तुकडे जमिनीवर उपडे ठेवायचे. वासाने किडे त्याखाली जमतात. रोज सकाळी ते वेचायचे, एकही किडा उरेनासा होईपर्यंत. मुकादमांनी सगळं मान्य केलं. खोट्या सहीबद्दल मंडळापुढे जाऊन स्वतः सांगतो, असंही म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सांगूनही आले. मुकादमी गेली नाही. सहीचा अधिकार मात्र एक वर्षासाठी गेला.

माझा कोट टोपीवाल्यांनी पुरावा म्हणून नेला. पावती दिली. अजून परत दिलेला नाही.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता, रोपं जळायची होती त्या वेळेला, मास्तर काठी टेकत रोपवाटिकेत आले. सूनबाई पाणीच घालत होती.

"मला सात रोपं देतेस?" ते म्हणाले. "मी सात तोडली. मला कोणी सांगितलं असतं की तुझ्यावर येईल, तर मी अर्ध्या आकाशावर भागवलं असतं."

सूनबाईने पहिल्या वाफ्यातली सात चांगली रोपं निवडली आणि कुंड्यांत घातली. मी बांधायला सुतळी घेतली, सरळ गाठ मारून.

"पण मास्तर, लगेच जमिनीत लावायची नाहीत," वन्सं म्हणाल्या. "तीन वर्षं कुंडीतच ठेवा. किडे पांगले की मग लावा. आणि एक सांगून ठेवते, वाढली की तुमचं दक्षिणेचं आकाश पुन्हा झाकणार."

"किती वर्षांनी?"

"वीस तरी."

मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. गणिताचे मास्तर, तरी बोटांवर.

"तीन आणि वीस, तेवीस," ते म्हणाले. "म्हणजे मी एकशे चार वर्षांचा. चालेल. तोवर सगळं बघून होईल माझं."

आणि सात कुंड्यांपैकी एक स्वतः उचलून, कंप सुटलेल्या दोन्ही हातांत घट्ट धरून, ते डोंगराच्या वाटेला लागले. काठी आमच्याकडेच विसरली. सूनबाई ती घेऊन त्यांच्यामागे धावली.